रिझर्व्ह बँक आणि शेतकऱ्याचे कर्ज

नोटेवर जिचे नाव छापलेले असते, त्या रिझर्व्ह बँकेकडून शेतीसाठी कर्ज मिळेल काय, असा प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना पुष्कळदा विचारला जातो. उत्तर ‘नाही’ असे आहे. ही बँक शेतकऱ्यास कर्ज देत नाही व त्याचे बचत खातेही ठेवीत नाही. ती सरकारची बँक व बँकांची बँक होय. तरीही गावातील पीककर्जाचे अनेक नियम तिच्याच दारी ठरतात.

बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५ रोजी झाली. तिचे मुख्य कार्यालय १९३७ साली कलकत्त्याहून मुंबईस आले आणि १ जानेवारी १९४९ पासून ती राष्ट्राच्या मालकीची झाली. कारभार गव्हर्नर व मध्यवर्ती संचालक मंडळ पाहते. १९४३ साली या पदावर आलेले चिंतामणराव देशमुख हे पहिले भारतीय गव्हर्नर. दोन रुपये व त्यावरील नोटा बँक काढते. एक रुपयाची नोट व नाणी मात्र भारत सरकारची असतात. बँकांना ती अल्प मुदतीने ज्या दराने पैसा देते त्यास रेपो दर म्हणतात. २०१६ पासून तो सहा सदस्यांची समिती ठरविते.

१९३४ च्या मूळ कायद्यातच शेतीच्या पतपुरवठ्यासाठी स्वतंत्र विभागाची तरतूद होती, हे विशेष. तरी आरंभीची वर्षे फारसे काही साधले नाही. बँकेने १९५१-५२ साली देशभर पाहणी करविली. शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे तीन रुपये, तर सावकारांचा सुमारे सत्तर रुपये आढळला. अडल्या वेळी पैसा देणारा दुसरा कोणी गावात नव्हताच, हेही ध्यानी घेतले पाहिजे. गोरवाला समितीने, जिचे धनंजयराव गाडगीळ हे एक सदस्य होते, १९५४ साली सुचविले की सहकारी संस्थांच्या भांडवलात सरकारने भागीदार व्हावे. त्यासाठी राज्यांना कर्ज देता यावे म्हणून बँकेने १९५६ साली खास निधी उभारला.

जुलै १९८२ मध्ये हे काम नाबार्ड या नव्या बँकेकडे गेले. आता नाबार्डचा पैसा राज्य सहकारी बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक व विकास सोसायटी अशा पायऱ्यांनी शेतकऱ्यापर्यंत येतो. नियम मात्र रिझर्व्ह बँकेचेच. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या आदेशानुसार शेती व जोडधंद्यासाठी दर कर्जदारास दोन लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण मागावयाचे नाही. कार्यकर्त्यांनी ही गोष्ट शेतकऱ्यांस आवर्जून सांगावी.

या बँकेचा हात कोठे पोहोचत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. व्यापारी वा जिल्हा बँकेतील ठेवीस, व्याज धरून, प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे. विकास सोसायटी अथवा पतसंस्थेतील ठेवीस हे संरक्षण नाही. त्यांवर देखरेख सहकार खात्याची असते. पुष्कळ ठिकाणी सोसायटी व जिल्हा बँकेची शाखा एकाच इमारतीत असते. तेव्हा पिकाचा पैसा ठेवताना पावतीवर कोणत्या संस्थेचे नाव आहे ते वाचून घ्यावे, आणि वाचता येत नसेल तर कार्यकर्त्याकडून वाचवून घ्यावे.