पहिल्या कॅमेऱ्याची दुसरी लेन्स: काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

बारामती-इंदापूरकडच्या ज्या तरुणाने नुकताच पहिला डीएसएलआर कॅमेरा घेतला आहे आणि १८-५५च्या किट लेन्सनंतर दुसरी कोणती घ्यावी या विवंचनेत जो आहे, त्याला सल्ल्याचा तुटवडा कधी पडत नाही. तुटवडा पडतो तो त्या सल्ल्याची शहानिशा करण्याच्या सवडीचा. आपण कोठे उभे राहणार, विषय किती अंतरावर असणार आणि प्रकाश कसा मिळणार, या तीन गोष्टींवरून लेन्स मुक्रर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत रूढ गैरसमज ‘झूम’चा. दुकानात पहिला प्रश्न ‘किती एक्सची?’ हाच असतो. वस्तुतः ‘एक्स’ म्हणजे लेन्सच्या कमाल आणि किमान नाभीय अंतरांचे केवळ गुणोत्तर होय. त्या हिशेबाने १८-५५ तीन एक्सची ठरते आणि पक्षिनिरीक्षकांची आवडती २००-५०० अवघी अडीच एक्सची. दूरचे जवळ आणण्याचे सामर्थ्य नाभीय अंतरात असते, आणि त्याची प्रचीती भीमेवरील उजनी जलाशयाच्या भिगवणकडील फुगवट्यावर तत्काळ येते. हिवाळ्याच्या उत्तरार्धात, पाणी ओसरू लागल्यावर, कुंभारगावच्या मच्छीमाराच्या होडीतून रोहित पक्ष्यांचा थवा पाहावा. नावाडी जाणता असेल तर पक्षी बिचकण्यापूर्वीच तो होडी थांबवतो. समजा, तेथून पक्षी ६० मीटरांवर आहे आणि त्याची उंची १३० सेंटिमीटर आहे. ५५ मिलिमीटरवर सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम १.२ मिलिमीटर उंचीची पडते. सेन्सरची उंचीच सुमारे १५ मिलिमीटर, म्हणजे पक्ष्याच्या वाट्याला बारावा हिस्साही येत नाही. ३०० मिलिमीटरवर तीच प्रतिमा साडेसहा मिलिमीटरची होते आणि ५०० वर जवळजवळ अकरा मिलिमीटरची. पहिल्या खरेदीस ७०-३०० किंवा ५५-२५० पुरेशी आहे. २००-५०० सव्वादोन किलोंहून अधिक वजनाची असल्यामुळे तिला हलत्या होडीत तासभर पेलण्याची तयारी आधी अजमावावी.

लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३००ची लेन्स ‘४५० होते’, हेही असेच अर्धसत्य. नाभीय अंतर तसूभरही बदलत नाही. सेन्सर लहान म्हणून चित्राच्या कडा कापल्या जातात, इतकेच. तसेच स्थिरीकरणाचे. ते आपल्या हाताचा कंप सावरते, पक्ष्याच्या पंखांची फडफड नव्हे. उडता रोहित स्पष्ट हवा असेल तर शटरचा वेग एक हजारांश सेकंदाच्या आसपास ठेवावाच लागतो. आणि भर दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली, की कितीही किमती लेन्स निरुपयोगी ठरते. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा टिपण्यास सकाळीच जावे, याचे एक कारण हेही आहे.

वाइड लेन्स म्हणजे ‘सगळे मावण्यासाठी’, हा समज मला अधिक हानिकारक वाटतो. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण बेलवाडीस होते, तेव्हा मागच्या गर्दीतून १८ मिलिमीटरवर घेतलेल्या चित्रात मैदान मावते खरे, पण अश्व मुंगीएवढा होतो. वाइड लेन्सचे मर्म जवळ जाण्यात आहे: टाळकरी हातभर अंतरावर असावा, त्याचे टाळ चौकटीत ठळक यावेत आणि त्यामागे पताकांचा समुदाय विस्तारत जावा. हे काम किट लेन्सच करते. तिला कुचकामी ठरवून अडगळीत टाकणारे तिची उपयुक्तता न तपासताच निकाल देतात. रिंगणाच्या धुळीत लेन्स बदलणे मात्र कटाक्षाने टाळावे.

किट लेन्स जेथे खरोखर कमी पडते, ते ठिकाण म्हणजे सांजवेळचे घर. तेथे ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ/१.८ प्राइम घ्यावी, एफ/५.६च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. घरची खोली लहान असेल तर ३५ बरी.

अखेरचा मुद्दा जुन्या बाजाराचा, कारण कंपन्या मिररलेसकडे वळल्यापासून डीएसएलआरच्या लेन्स तेथे मुबलक मिळतात. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून चालत आल्यामुळे ‘कोणतीही निकॉन लेन्स चालते’ असे सर्रास सांगितले जाते. परंतु डी३५०० किंवा डी५६०० या बॉडींत फोकसची मोटर नाही, सबब जुन्या ‘एएफ-डी’ लेन्सचा फोकस हातानेच करावा लागतो. कॅननची ‘ईएफ’ लेन्स लहान सेन्सरच्या बॉडीवर विनाहरकत बसते; ‘ईएफ-एस’ मात्र पूर्ण सेन्सरच्या बॉडीवर बसत नाही. पैसे मोजण्यापूर्वी लेन्सची दोन्ही झाकणे काढून मागून विजेरीचा प्रकाश टाकावा आणि पुढून तिरपे पाहावे: कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी व सौदा तेथेच सोडावा, धुळीचे चारदोन कण दिसले तर खुशाल घ्यावी.