दोन एकांकिकांच्या मधला वेळ

एकांकिका स्पर्धेला आलेला प्रेक्षक संध्याकाळभरात तीन एकांकिका पाहतो आणि त्यांच्या मधला वेळ चहाच्या रांगेत घालवतो. परीक्षक तेवढ्यात गुण मांडून घेतात. पडद्यामागे एक संघ सेट काढत असतो आणि दुसरा लावायला टपलेला असतो. त्याच वेळी रिकाम्या झालेल्या प्रेक्षागृहात एक-दोन मावश्या आणि चार-पाच स्वयंसेवक खुर्च्यांच्या रांगांमधून वाकून फिरत असतात. त्यांच्या कामाला गुण नाहीत. वेळ मात्र सेट लावणाऱ्यांइतकाच मोजून मिळतो.

हे काम मी जवळून पाहिलं ते एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत, दारावर मदतनीस म्हणून उभं राहून. स्पर्धेचं आणि नाट्यगृहाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण चित्र थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच आहे. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक सुरू केला आणि भरत नाट्य मंदिरातल्या त्या स्पर्धेने अशा संध्याकाळींचा साचा घालून दिला. एकामागून एक तीन एकांकिका, मध्ये नेपथ्यासाठी मोजकी मिनिटं आणि प्रेक्षागृहात आपापल्या कॉलेजची पोरं. ‘आव्वाज कुणाचा’ ही आरोळी तिथे इतकी रुळली, की नाटकाशी संबंध नसलेल्यांनाही ती ठाऊक असते.

बाहेरच्या माणसाला तो गोंधळ वाटतो. पडदा बंद असतो, आतून हातोडीचे ठोके ऐकू येत असतात आणि बाल्कनीतून कुणीतरी घसा ताणून विचारतो, “अरे, आव्वाज कुणाचा?” खालच्या दहा-बारा रांगा कॉलेजचं नाव घेऊन उसळतात. पहिल्या घंटेला जोर वाढतो, दुसऱ्या घंटेला भिंती हादरतात. मग तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात आणि एवढा मोठा आवाज दोन श्वासांत मिटतो. कुणी माइकवरून दटावलेलं नसतं. पहिल्या वर्षाच्या एका मुलाने अंधार झाल्यावर शिट्टी मारली, तेव्हा मागच्या रांगेतल्या सीनियरने त्याच्या डोक्यात टपली मारली आणि प्रकरण तिथेच संपलं. कधी ओरडायचं आणि कधी नाही, हा पाठ या पोरांमध्ये दर वर्षी वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जातो. म्हणून ‘हल्लीच्या मुलांना प्रेक्षक म्हणून वागताच येत नाही’ हे वाक्य मला पटत नाही. ज्या गोष्टीचा पाठ त्यांना मिळालेला आहे, ती ते चोख करतात.

कचऱ्याचा पाठ मात्र त्यांना कुणी दिलेला नसतो. त्याचे परिणाम ऐकू येतात, आणि ते शब्दशः.

त्या संध्याकाळची दुसरी एकांकिका बाप-लेकीची होती. लेक घर सोडून निघाली आहे, बाप पाठमोरा उभा आहे, दोघांनाही शब्द सुचत नाहीत. तालमीत मुरवलेला, लांब ताणलेला पॉज. त्यात खुर्च्यांखालून गडगड सुरू झाली. प्रेक्षागृहाची जमीन मंचाकडे उतरती असते, हे प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही, बाटलीच्या येतं. पाण्याची रिकामी बाटली मागच्या कुठल्यातरी रांगेतून निघाली, एका खुर्चीच्या पायाला अडली, कुणीतरी पाय हलवल्यावर पुन्हा सुटली आणि थेट परीक्षकांच्या टेबलापर्यंत गेली. मधल्या रांगांत खसखस पिकली. मंचावरची मुलगी तशीच उभी राहिली, पण तो पॉज गेला तो गेलाच.

बाटली समोर बसलेल्या प्रेक्षकांपैकी कुणाचीही नव्हती. पहिल्या एकांकिकेच्या पाठीराख्यांनी ती मागे ठेवली होती आणि ते तोपर्यंत नाट्यगृहाच्या आवारातही नव्हते. नाटकात मोबाईल वाजला तर निदान त्याचा धनी जागेवर सापडतो. अभिनेते सुबोध भावे यांनी २०१९ मध्ये प्रयोगात वाजणाऱ्या मोबाईलवर जाहीर नाराजी व्यक्त केल्यावर त्यावर बरीच चर्चा झाली. बाटलीवर अशी चर्चा होत नाही, कारण ती आपल्याकडे स्वच्छतेच्या खात्यात टाकलेली असते आणि शांतता रसिकतेच्या. स्पर्धेत ही दोन खाती एकच आहेत. एका संघाच्या पाठीराख्यांनी टाकलेलं पाकीट पुढच्या संघाच्या हळव्या प्रसंगात कुणाच्या तरी बुटाखाली चुरचुरतं.

सफाईच्या मावशींना मी विचारलं, “मावशी, तुम्ही एखादी एकांकिका बघता का कधी?”

“कधी बघणार? तुमचं संपलं की आमचं चालू होतं,” त्या म्हणाल्या. “पण नाटक कसं झालं ते खुर्चीखाली बघून कळतं. कंटाळा आला, की पोरं हातातल्या कागदाचे तुकडे करत बसतात. रंगलेल्या नाटकात वेफरचं पाकीट अर्धं भरलेलंच सापडतं.”

त्यांच्या सुपलीत काय काय येतं, ते पाहण्यासारखं होतं. बाटल्या त्या आधी वेगळ्या काढत, कारण त्यांना भंगारात भाव मिळतो. चहाचे कागदी कप निकामी. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे साध्या रद्दीत ते चालत नाहीत. वेफरच्या पाकिटांचंही तेच, चकचकीत आवरणात निरनिराळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. सर्वांत वैतागाचे म्हणजे कागदाचे कपटे. आपल्या कॉलेजचं नाव पुकारलं की वर्तमानपत्र फाडून उधळायचं, हा उत्साहाचा जुना प्रकार. अलीकडे त्यात चमकीची भर पडली आहे. कपटे केरसुणीला येतात, चमकी जाजमात रुतून बसते आणि हातानेच वेचावी लागते. शेवटी सगळं काळ्या पिशव्यांत भरून मागच्या दारी जातं. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, पुढे त्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि कचरा वेगळा करणं हे कौशल्याचं काम आहे हे शहराला निदान ऐकावं तरी लागलं. नाट्यगृहाच्या मागच्या दारी मात्र चहाने भिजलेले कपटे आणि कोरड्या बाटल्या एकाच पिशवीत जातात, कारण वेगळं करायला वेळच नसतो. तोवर पुढच्या संघाची पहिली घंटा झालेली असते.

पोरं मुद्दाम घाण करतात, असं मला दिसलं नाही. स्पर्धा संध्याकाळी सुरू होते. मुलं कॉलेजातून, प्रॅक्टिकल आटोपून, पाठीवर सॅक घेऊन थेट येतात आणि भुकेलेली असतात. उपाहारगृहाची एक खिडकी, तिच्यापुढे दोनशे जण आणि पुढच्या घंटेला काही मिनिटं. ‘खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत’ ही पाटी दारावर असते आणि वडापाव तिच्या खालून सॅकमध्ये बसून आत जातो. एकांकिका संपते तेव्हा आणखी एक गोष्ट होते. पडदा पडताच कॉलेजचा सगळा जथा उठून मागच्या दाराकडे धावतो. घामाघूम झालेले, मेकअप ओघळलेले आपले मित्र बाहेर येतील तेव्हा त्यांना खांद्यावर घ्यायचं असतं. त्या घाईत हातातलं सगळं जागच्या जागी सुटतं. कचराकुंडी पुढच्या दाराशी असते आणि प्रेम मागच्या दाराशी.

या धावण्यातच आणखी एक अनादर दडलेला आहे. पहिल्या दोन संघांचे पाठीराखे गेले, की तिसरा संघ अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे उभा राहतो. काहींचं परत येणं त्याहून वाईट. दारावरच्या काकांशी एकाची हुज्जत मी ऐकली.

“काका, सोडा ना. मित्राची पहिलीच एन्ट्री आहे.”

“बाळा, दार उघडलं की बाहेरचा उजेड सरळ स्टेजवर पडतो. ब्लॅकआउट होऊ दे, मग सोडतो. मागच्या भिंतीला उभा राहा, रांगेत घुसू नको.”

मुलगा थांबला. काकांनी नियम सांगितला असता तर तो वाद घालत बसला असता. उजेड कुठे पडतो हे त्यांनी सांगितलं, तेव्हा त्याला मित्राचीच अडचण दिसली.

आता हीच मुलं पडद्यामागे कशी वागतात ते बघा. एका एकांकिकेत मंचावर पत्रं फाडली गेली, गुलाल उधळला गेला, मातीचं मडकं फुटलं. पडदा पडला आणि त्याच संघातली चार मुलं ओली फडकी घेऊन तुटून पडली. एकजण गुडघ्यावर बसून तळहाताने फळ्या चाचपत होता. ‘काय शोधतो आहेस,’ असं मी विचारल्यावर म्हणाला, “खिळा, टाचणी, खापर. पुढच्यांच्यात अनवाणी नाच आहे.” त्याला हे कुणी शिकवलं? घड्याळाने. मंच ठरल्या वेळेत रिकामा आणि साफ करून द्यायचा, उशीर झाला तर तो संघाच्या नावावर मांडला जातो, हे त्याला पहिल्या तालमीपासून माहीत होतं. त्या क्षणी त्याच्याच कॉलेजच्या शंभरएक जणांनी पडद्याच्या अलीकडे जे सोडलं होतं, ते मात्र कुणाच्याच नावावर नव्हतं.

मंचावर जे घडतं त्याबाबत आपल्या स्पर्धा फार कडक असतात. २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत एकही एकांकिका त्या तोलाची नाही असं ठरवून परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर वाद झाला, पण स्पर्धा आपल्या मापाशी ठाम राहिली. खुर्च्यांमध्ये जे घडतं त्याला असं कोणतंच माप नाही.

विद्यार्थी पाठीराख्यांनाही माप लावता येतं, याचं एक उदाहरण जपानमध्ये आहे. तिथली शालेय बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९१५ मध्ये सुरू झाली आणि १९२४ पासून ती कोशिएनच्या मैदानावर भरते. प्रत्येक शाळेचं वाद्यपथक आणि पाठीराखे ठरलेल्या स्टँडमध्ये बसतात. आपला संघ फलंदाजीला असेल तेव्हाच वाद्यं वाजवायची आणि समोरच्यांची पाळी आली की थांबायचं, हा तिथला रिवाज. सामना संपला की तो अख्खा जथा उठतो आणि पुढच्या सामन्याच्या शाळेला ती जागा मिळते. जपानी प्रेक्षक मैदान साफ करून जातात अशा चित्रफिती आपण मोबाईलवर एकमेकांना पाठवतो आणि ‘संस्कार’ म्हणून मोकळे होतो. त्या संस्कारामागे शाळेत रोज वर्ग झाडण्याचं ठरलेलं वेळापत्रक असतं. तिथलं सौजन्य पाळी लावून शिकवलेलं आहे.

आमच्या स्पर्धेतही एका संध्याकाळी आयोजकांनी साधे बदल केले. कोपऱ्यातल्या कचराकुंड्यांवर न विसंबता बाहेर पडायच्या प्रत्येक दाराशी, मागच्या दाराशीसुद्धा, दोन पिशव्या धरून स्वयंसेवक उभे केले. एकीत बाटल्या, दुसरीत बाकीचं. पडदा पडल्यावर सूचना आयोजकांच्या ओळखीच्या कंटाळवाण्या आवाजात आली नाही. ज्या संघाची एकांकिका नुकतीच संपली होती, त्यातलाच एकजण मेकअपसह पडद्याबाहेर आला आणि म्हणाला, “आपल्या रांगा आपण उचलून जाऊ या, पुढच्यांचं नाटक आहे.” टाळ्या वाजल्या, आणि बरीच मुलं खाली वाकली. सगळी वाकली असं नाही. पण तिसरी घंटा होईपर्यंत मावशींचा सुपलीतला ढीग रोजच्याहून बराच लहान होता. “आज लवकर सुटणार मी,” एवढंच त्या म्हणाल्या.

कायद्याकडे बोट दाखवून यातलं फारसं साधत नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत शंभरांहून अधिक लोक जमणाऱ्या कार्यक्रमाच्या आयोजकावर कामाचे किमान तीन दिवस आधी कळवण्याची आणि कचरा जागेवरच वेगळा करण्याची जबाबदारी घातली होती, पण ती विनापरवाना जागेसाठी. परवानाधारक नाट्यगृहात भरलेली स्पर्धा त्या तरतुदीच्या कक्षेबाहेरच राहत होती. शिवाय पोरांना आयोजकांच्या भीतीपेक्षा आपल्या संघाच्या नावाची काळजी जास्त असते.

म्हणून काम संघाकडेच द्यायला हवं. प्रवेशअर्जात दिग्दर्शक, प्रकाशयोजना, नेपथ्य यांच्या रकान्यांखाली आणखी एक रकाना असावा: प्रेक्षक प्रतिनिधी. तिसऱ्या घंटेला शिट्टी मारणाऱ्याच्या डोक्यात टपली मारणारा सीनियर प्रत्येक कॉलेजात असतोच. त्याचंच नाव तिथे लिहावं. नेपथ्य काढायला जी मिनिटं मिळतात, त्याच मिनिटांत त्याने आपल्या पोरांकडून रांगा मोकळ्या करून घ्याव्यात. गुण कापू नयेत, कारण मग दुसऱ्याच्या रांगेत कचरा टाकण्याचे उद्योग सुरू होतील. निकालाच्या दिवशी वेळेत मंच मोकळा करणाऱ्या संघांबरोबर वेळेत रांगा मोकळ्या करणाऱ्यांचीही नावं वाचून दाखवावीत, तेवढं पुरे. आवाज कुणाचा, हे त्या पोरांना जगाला ऐकवायचंच असतं. मागे राहिलेली बाटली कुणाची, हेही त्याच माइकवरून कळणार असेल, तर ती उचलायला त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही.