पाऊस, उपग्रह आणि जमिनीवरचे केंद्र



वळवाचा पाऊस कोसळू लागला की घरावरच्या छत्रीतून येणारे टीव्हीचे चित्र अडखळते आणि पडदा काळा पडतो. पाऊस उघडला की चित्र आपोआप परत येते. छत्री बिघडलेली नसते, वायरही तुटलेली नसते. उपग्रहावरून येणाऱ्या इंटरनेटचेही असेच असते. म्हणून यामागचे कारण समजून घेतलेले बरे.

टीव्हीचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. इंटरनेटचे काही नवे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात. पावसाचा थर मात्र आपल्याकडे जमिनीपासून चार-पाच किलोमीटरचाच. एवढ्या लांबून सुखरूप आलेली लहर उंबऱ्याशी येऊन अडखळते, ती या थरात.

जुन्या उपग्रह केंद्रांकडे येणारी लहर साडेसात सेंटीमीटर लांबीची असे. तिच्यापुढे पावसाचा थेंब किरकोळ. टीव्हीच्या छत्रीकडे येणारी लहर अडीच सेंटीमीटरची, तर इंटरनेटच्या केंद्राची अनेकदा एक ते दीड सेंटीमीटरची. टपोरा थेंब अर्ध्या सेंटीमीटरचा असतो. तो अशा आखूड लहरीची शक्ती शोषतो आणि तिला इकडेतिकडे फेकतो. लहर जितकी आखूड, तितका पावसाचा मार अधिक.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या गावात तर आभाळ निरभ्र आहे, मग इंटरनेट का मंदावले? त्याचे उत्तर केंद्रात आहे. उपग्रह हा केवळ मधला निरोप्या. तुमचा निरोप तो जमिनीवरच्या केंद्राकडे पोहोचवतो आणि तेथून पुढे तारांचे जाळे सुरू होते. त्या केंद्रावर मुसळधार पाऊस असेल, तर तुमच्या गावातही खोळंबा होऊ शकतो.

म्हणून केंद्राची जागा पारखून घेतात. वर्षभरात एकूण पाऊस किती, एवढ्यावर भागत नाही. तासाला तो किती जोराने पडतो हे पाहावे लागते. घाटावरची बारीक झडी लहरीला फारशी छळत नाही, पण कोरडवाहू मुलखातला अर्ध्या तासाचा वळीव तिला पार अडवतो. वर्षाच्या दहा हजारांतला एक भाग, म्हणजे सुमारे ५३ मिनिटे, जो जोर ओलांडला जातो, तो धरून अभियंते हिशेब करतात. वळवाचा ढग लहान असतो; या शिवारात पाऊस, तर पलीकडच्या शिवारात ऊन. म्हणून काही ठिकाणी दोन केंद्रे काही कोस अंतरावर उभारतात. एकावर ढग आला की काम दुसऱ्याकडे वळवतात.

वाराही पाहावा लागतो. मोठी छत्री वाऱ्याला पत्र्यासारखी अडते. ती किंचित हलली तरी उपग्रह नेमातून सुटतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७०च्या दशकाच्या आरंभी परदेशी दूरध्वनीसाठी उपग्रह केंद्र उभे राहिले. त्याला डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव दिले गेले. त्याची छत्री सुमारे तीस मीटर व्यासाची होती. एवढा पसारा वाऱ्यात स्थिर धरायचा म्हणजे पायाही तसाच भक्कम हवा!

हे सारे शेतकऱ्याने कशासाठी जाणायचे? वादळ डोक्यावर आले की हवामानाचा निरोप लागतो, आणि नेमके तेव्हाच इंटरनेट बंद पडू शकते. म्हणून गारपीट किंवा विजांचा इशारा आभाळ भरण्याआधी पाहून ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप विजेचा इशारा देते, पण तेही इंटरनेटवरच चालते. यासाठी घरात रेडिओ असू द्या आणि एकाच साधनावर विसंबू नका.

आणखी एक गोष्ट जिवाची. आभाळ गडगडत असताना छत्री नीट करायला कोणीही पत्र्यावर वा धाब्यावर चढू नये. मुलांना तर कटाक्षाने अडवा. छत्रीला अर्थिंग करून घ्या आणि आभाळ भरून आले की, विजा सुरू होण्याआधीच, तिच्या पेटीचा प्लग काढून ठेवा. पावसाने गेलेले चित्र पाऊस थांबला की येतेच. त्यासाठी जीव धोक्यात घालू नका.