तालीम ही आधी तालीमच असते

कादंबरी वाचून संपली की आपण बहुधा एवढंच म्हणतो, 'आवडली' किंवा 'नाही आवडली'. शाळा-कॉलेजात मात्र एवढ्यावर सुटका होत नाही. तिथं व्यक्तिरेखा रेखाटा, आशयसूत्र सांगा, प्रतीकं स्पष्ट करा, असे प्रश्न येतात. प्रश्नांमागून गाइडं येतात आणि गाइडांमागून ठरीव उत्तरं. त्यामुळे पुष्कळांच्या मनात अढी बसते, की हा सगळा खटाटोप परीक्षेपुरता आहे, वाचनाच्या आनंदाशी त्याचा काही संबंध नाही.

खरं म्हणजे ही तिन्ही वाचकाच्या हातातली साधनं आहेत. नीट वापरली तर पुस्तक जवळ येतं. उलटी वापरली तर पुस्तकातली माणसंच दिसेनाशी होतात. हे कसं होतं ते एकच कादंबरी हाताशी घेऊन पाहू. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पुस्तकरूपानं आली १९५५ साली. अनेकांनी ती वाचलेली असेल, काहींनी अमोल पालेकरांचा त्यावरचा चित्रपट पाहिला असेल.

गोष्ट तशी साधी. काळ संस्थानी, मुलूख माणदेशातला, औंध संस्थानच्या हद्दीतला. धनगरांच्या एका लहानशा वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो. मुलं मेंढरांमागं रानात, शाळा ओस. गावचा म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो. हळूहळू मास्तर गावाचा होतो. लोकांचे कागदपत्र, भांडणतंटे, अडीनडी सगळं त्याच्याकडे येऊ लागतं. मग त्याच्या मनात येतं, की गावाची एक तालीम असावी. गाव राबतं, तालीम उभी राहते. आणि त्यानंतर दुष्काळ येतो. मेंढरं घेऊन माणसं बाहेर पडतात. वाडी रिकामी होते.

आता व्यक्तिरेखा. कारभाऱ्याबद्दल लिहा म्हटलं की उत्तर तयार असतं : प्रेमळ, अनुभवी, करारी, मानी. ही झाली विशेषणं. शंभर कादंबऱ्यांतल्या शंभर म्हाताऱ्यांना ती चिकटवता येतील. त्याऐवजी असं विचारावं, की हा माणूस दुखावला गेला म्हणजे काय करतो? त्याची मुलगी अंजी मास्तरकडून चोळी शिवून मागवते. मास्तर भाबडेपणानं ती शिवून आणतो. गोष्ट कारभाऱ्याच्या कानावर भलत्याच रूपात जाते आणि तो मास्तरशी अबोला धरतो. हा अबोला नुसता रागीट बापाचा नाही. परक्या पोराला गावानं आपला म्हणावं म्हणून कारभाऱ्यानं स्वतःची पत खर्च केलेली आहे. मास्तर चुकला असेल, तर कारभाऱ्याचा शब्दच गावात खोटा पडतो. याच प्रसंगात मास्तरचीही ओळख पटते. गाव आपलं झालं असं त्याला वाटत असतं, पण ते आपलेपण एका चोळीच्या कापडाएवढं तकलादू आहे. एका प्रसंगानं दोन माणसं कळली. विशेषणांच्या यादीनं एकही कळलं नसतं.

दुसरं आशयसूत्र. इथं हमखास घोटाळा होतो तो विषय आणि आशयसूत्र यांत. 'ग्रामीण जीवन' हा विषय झाला. 'दुष्काळ' हाही विषयच. आशयसूत्र एका शब्दात मावत नाही, त्याला वाक्य लागतं. आणि ते वाक्य कादंबरीच्या शेवटाला टेकवून पाहावं लागतं. समजा कुणी म्हणालं, 'एका ध्येयवादी शिक्षकानं गावाचा उद्धार केला, हे या कादंबरीचं सूत्र.' तालीम बांधून होईपर्यंत हे वाक्य बरोबर वाटतं. पुढची पानं वाचली की ते कोसळतं, कारण उद्धार व्हायला गावच जागेवर राहत नाही. मग दुसरं कुणी म्हणेल, 'निसर्गापुढं माणसाचं काही चालत नाही.' हे शेवटाला जुळतं, पण मधल्या पानांना जुळत नाही. मधली पानं तर माणसांनी माणसांसाठी केलेल्या धडपडीनं भरलेली आहेत. दोन्ही टोकं सांभाळणारं वाक्य काहीसं असं होईल : माणसं एकमेकांना धरून गाव घडवतात, आणि ते गाव किती दिवस टिकेल हे मात्र त्यांच्या हाती नसतं. तुम्हाला याहून नेमकं वाक्य सुचेल. सुचावंच. मात्र त्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चालवून पाहायला हवं.

तिसरं आणि सर्वांत निसरडं, प्रतीक. या कादंबरीत तालीम हे प्रतीक आहे, असं कुणीही चटकन सांगेल. गावाच्या एकीचं प्रतीक, म्हटलं की संपलं. पण जरा थांबा. तालीम ही आधी तालीमच असते. तिला दगड लागतात, माती लागते, लाकूड लागतं, आणि आपलं काम सोडून तिथं राबणारी माणसं लागतात. बरं, मास्तरला तालीमच का सुचावी? देऊळ का नाही, विहीर का नाही? औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे व्यायामाचे, विशेषतः सूर्यनमस्काराचे कट्टे पुरस्कर्ते होते. त्यांच्या संस्थानातल्या मास्तरला तालीम सुचावी आणि तिच्यासाठी राजानं आडवाटेच्या वाडीवर यावं, यात ओढूनताणून काही नाही. ती त्या मुलखातली खरीखुरी वस्तू आहे. म्हणूनच दुष्काळात वाडी उठते, तेव्हा मागं उभ्या राहिलेल्या त्या इमारतीला अर्थ येतो. माणसं मेंढरांमागं चालू शकतात. भिंती चालू शकत नाहीत. या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाच्या नावात, भिंती नसलेलं गाव असं म्हटलं आहे. ते मनात ठेवून तालमीचा भाग पुन्हा वाचून बघा. भिंती नसलेल्या गावानं सगळ्यांनी मिळून भिंती उभारल्या, आणि आत घुमायला पोरंच उरली नाहीत.

प्रतीक ओळखायची घाई झाली की काय हातचं जातं, त्याचं एक उदाहरण सांगतो. शेकू नावाच्या शेतकऱ्याकडे बैल एकच. दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको स्वतःला जुंपून घेते. हा प्रसंग वाचला की लगेच लिहावंसं वाटतं, 'ही शोषित स्त्रीचं प्रतीक आहे.' लिहिलं की ती बाई नाहीशी झाली! तिची ताकद, तिची जिद्द, अडलेल्या कामाची निकड, हे सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं गेलं. तिच्या वाट्याला आलेलं ओझं अन्यायाचं आहे, हे खरंच. पण ते आपल्याला सलतं ते ती आधी एक जितीजागती बाई म्हणून भेटते म्हणून. नुसत्या प्रतीकाच्या खांद्याला वळ उठत नाहीत.

माडगूळकर स्वतः माणदेशातले, माडगूळ गावचे. पुढं अनेक वर्षं ते पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचं काम पाहत होते. त्यांची वाक्यं आखूड आणि बिनदिखाऊ. अर्थ सांगायला लेखक मध्ये येत नाही. तो वस्तू दाखवतो, माणूस दाखवतो आणि बाजूला होतो. अशा लेखकापाशी वाचकालाच थोडं थांबावं लागतं.

तेव्हा घरात दहावी-बारावीचं मूल असेल आणि त्याला असे प्रश्न आले असतील, तर गाइड उघडण्यापूर्वी त्याला तीन गोष्टी विचारा. या माणसानं अडचणीच्या वेळी काय केलं? तुझं वाक्य शेवटच्या पानावर टिकतं का? आणि ज्याला तू प्रतीक म्हणतोस, ती वस्तू गोष्टीतल्या माणसांच्या रोजच्या कशाला उपयोगी पडते? उत्तरं द्यायला त्याला पुस्तक पुन्हा उघडावं लागेल. गुण किती पडतील ते परीक्षकावर. पण कारभारी, अंजी आणि शेकूची बायको ही माणसं मात्र त्याच्या ओळखीची होतील.