सफरचंदाची साल, पातेल्याची सांडशी

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या, म्हणजे 'मोमा'च्या संग्रहात एक सोलाणं आहे. काळी, जाडजूड रबरी मूठ आणि पुढे पोलादी पातं, बस. ऑक्सो कंपनीने १९९० साली 'गुड ग्रिप्स' या नावाने जी स्वयंपाकाची अवजारं बाजारात आणली, त्यांतलं हे सगळ्यांत गाजलेलं. तोवर अमेरिकी घरांत सोलाणं म्हणजे वळवलेल्या पत्र्याची बारीक दांडी. आपल्या मंडईच्या तोंडाशी लिंबू पिळायच्या यंत्राशेजारी टोपलीत पडलेली असतात, त्याच घराण्यातली. नवं सोलाणं त्याच्या दुप्पट-तिप्पट महाग होतं, तरी खपलं.

त्याची जन्मकथा सांगतात ती अशी. सॅम फार्बर हा स्वयंपाकाच्या भांड्यांच्या धंद्यात मुरलेला माणूस. स्वतःची कॉपको ही कंपनी विकून निवृत्त झालेला. फ्रान्समध्ये मुक्कामाला असताना त्याची बायको बेट्सी सफरचंदं सोलत होती. तिच्या हातांना संधिवात. पत्र्याची ती दांडी धरवेना, बोटं दुखायला लागली. ते पाहून सॅम अस्वस्थ झाला, त्याने न्यूयॉर्कच्या स्मार्ट डिझाइन या संस्थेला गाठलं आणि पुढचं सगळं घडलं.

संस्थेच्या मंडळींनी संधिवाताच्या लोकांना बरोबर घेऊन मुठींचे नमुने केले. सल्ल्याला पॅट्रिशिया मूर होती. हिची गोष्ट वेगळ्या लेखाची आहे, पण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. विशी-तिशीतली ही डिझायनर १९७९ ते १९८२ या काळात ऐंशीच्या पुढची म्हातारी बनून अमेरिका-कॅनडातल्या शहरांतून हिंडली. चेहऱ्यावर सुरकुत्यांचा मेकअप, धूसर चष्मा, कानांत बोळे, सांधे वाकू नयेत म्हणून पट्ट्या. दार उघडणं, जिना चढणं, डबा उघडणं यांत वस्तू माणसाला कुठे अडवते, हे तिने स्वतःच्या अंगावर काढलं.

आता ती मूठ जरा जवळून पाहू. संधिवाताच्या हाताला मूठ पूर्ण आवळणं जमत नाही. बोटं अर्धी मिटतात आणि तिथेच ठणका सुरू होतो. दांडा जितका बारीक तितकी मूठ जास्त आवळावी लागते. म्हणून दांडा जाड केला, बोटं अर्धी मिटली तरी पकड बसते. पण जाड आणि गोल दांडा ओल्या हातात फिरतो. म्हणून तो लांबट गोल केला. अंगठा आणि तर्जनी टेकतात तिथे दोन्ही बाजूंना बारीक, लवचीक पापुद्रे कापले. दाबले की वाकतात, आणि कुठे धरायचं ते न बघताच बोटांना कळतं. ही युक्ती सुचली सायकलच्या हँडलच्या रबरी ग्रिपवरून. मुठीसाठी घेतलेलं सँटोप्रीन हे रबरासारखं मऊ, पण साबणपाण्याला दाद न देणारं. शेवटी टांगायला मोठं भोक, नेम धरून अडकवावं न लागणारं.

कंपनीने हे सोलाणं 'अपंगांसाठी' म्हणून कधी विकलं नाही. धडधाकट हातालाही ते आवडलं, म्हणून मोठ्या संख्येने बनलं, म्हणून आवाक्यात राहिलं. हा हिशेब मला पटतो. आपल्याकडे सर्जिकलच्या दुकानात मिळणारी वस्तू घरात आली की तिच्याबरोबर दवाखानाही येतो. काठी नको म्हणणारे आजोबा भर उन्हाळ्यात लांब दांड्याची छत्री घेऊन निघतात, ते काय पावसाच्या भरवशावर?

जन्मकथेचा मात्र एक टाका उसवलेला आहे. बेट्सी फार्बरने पुढे सांगितलं की अवजारं हाताला सोयीची करावीत ही कल्पनाच तिची होती. इतिहासात आपली नोंद होईल ती संधिवात झालेली बायको म्हणून, कल्पना सुचलेली बाई म्हणून नाही, अशी तिची खंत होती. नवऱ्याच्या कनवाळूपणाची गोष्ट विकायला सोपी पडते, दुसरं काय. ज्याचा हात दुखतो त्याला त्या दुखण्याची सगळ्यांत बारीक माहिती असते. पण कागदावर तो 'लाभार्थी' असतो.

हे काम अमेरिकेत सुरू झालं असंही नाही. स्वीडनमध्ये मारिया बेंक्टझोन आणि स्वेन-एरिक युलिन यांनी सत्तरच्या दशकातच पावाची सुरी केली होती. तिची मूठ करवतीसारखी उभी, म्हणजे कापताना मनगट वाकत नाही, सरळ राहतं आणि जोर दंडातून येतो. 'मोमा'ने १९८८ साली अशा वस्तूंचं खास प्रदर्शन भरवलं होतं.

हे वाचताना मला आपली विळी आठवत राहते. सुरीत पातं हलतं आणि भाजी स्थिर. विळीत पातं स्थिर, भाजी हलते. पाटाला पायाचा भार, त्यामुळे दांडा आवळण्याचा प्रश्नच नाही. बोटं दुखणाऱ्या बाईला विळी सुरीपेक्षा सोपी, याबद्दल मला शंका नाही. पण तिला जमिनीवर बसावं लागतं, आणि गुडघे गेले की विळी गेली. ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळायची विळी निघाली, खालच्या रबरी वाटीने ओट्याला चिकटून बसणारी आणि हाताने फिरवायची खवणी निघाली, त्या या अडचणीतून वाट काढतात. त्यांना कोणी अपंगांची साधनं म्हणत नाही.

खरा वैरी आपल्या घरात दुसराच आहे, सांडशी. आपल्या पातेल्याला कान नाही, दांडा नाही. उकळतं दूध उतरवायचं तर सांडशीच्या दोन बारीक दांड्या सतत आवळून धरायच्या, वर पातेल्याचं वजन, आणि पकड एक क्षण ढिली पडली की दूध पायावर. दुखऱ्या बोटांना याहून वाईट अवजार शोधून सापडायचं नाही. सोलाण्यावर जगात एवढी बुद्धी खर्च झाली. दाबून धरावी न लागणारी, एकदा लागली की आपोआप पकडून राहणारी, मऊ मुठींची सांडशी अजून घरोघरी पोचलेली नाही.

सरकारी मदतीचा रोख स्वाभाविकपणे चालण्या-ऐकण्यावर राहिला. कानपूरचा ॲलिम्को हा कृत्रिम अवयवांचा सरकारी कारखाना १९७२ चा, साधनं पुरवणारी केंद्राची एडिप योजना १९८१ ची. तीनचाकी, कुबड्या, श्रवणयंत्रं यांच्या मानाने स्वयंपाकघर मागे पडलं. याला एक जुना अपवाद कुष्ठरोगाचा. तिथे बोटं आखडतात आणि शिवाय बधिर होतात. चहाचा पेला भाजला तरी कळत नाही, फोड आल्यावर दिसतं. म्हणून पेल्याला आणि चमच्याला उष्णता अडवणारी जाड मूठ बसवण्याची रीत या पुनर्वसनाच्या कामात पडली, आणि कुष्ठरोग्यांसाठी दैनंदिन वापराच्या वस्तूंचा संच ॲलिम्कोच्या यादीतही आला.

बाकी घरं आपापली सोय करतातच. झाऱ्याच्या दांड्याला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळलेली असते, पलंगाच्या पायथ्याला उठून बसायला दोरी बांधलेली असते. पट्टी ओली होते, वास मारते. त्यापेक्षा सायकलच्या दुकानातली रबरी ग्रिप बरी. दांडा बारीक पडला तर आधी त्यावर सुतळी गुंडाळायची, ग्रिपला आतून साबणाचं पाणी लावायचं आणि पिळत पिळत चढवायची. रात्रभर सुकू दिली की हलत नाही. फक्त गॅसच्या ज्योतीपासून लांब राहील एवढी दांड्याची लांबी आधी बघून घ्यावी.