अंडरटेकर: पैलवान की नट?

व्यावसायिक कुस्तीवरचा लेख म्हटल्यावर काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. "ते सगळं खोटं असतं हो!" हे वाक्य मी कॉलेजच्या वसतिगृहापासून इथल्या ऑफिसच्या कँटीनपर्यंत ऐकत आलो आहे. ते खरंही आहे. निकाल आधी ठरलेला असतो. १९८९ साली खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीनंच न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे तशी कबुली दिली. खेळ म्हटलं की सरकारी देखरेख आणि कर आले. करमणूक म्हटलं की त्यातून सुटका! व्यापाऱ्याला साजेसाच हिशेब.

पण मग एक प्रश्न उरतो. निकाल ठरलेला असताना चाहते एखाद्या मल्लाच्या कौशल्यावरून वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर का येतात? आपल्याकडे संगीत नाटकाला जाणाऱ्या रसिकाला शेवट तोंडपाठ असायचा. म्हणून गायकनटाचं कसब काही कमी ठरत नसे. कुस्तीचंही तसंच आहे, फक्त इथे चुकलं तर बेसूर होत नाही, मान मोडते. हा फरक लक्षात ठेवूनच अंडरटेकरबद्दलचा वाद समजून घ्यावा लागतो.

ज्यांना हे नाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्क कॅलावे, जन्म १९६५, गाव टेक्सासमधलं ह्यूस्टन, उंची सहा फूट दहा इंच, कॉलेजात बास्केटबॉल खेळलेला. २२ नोव्हेंबर १९९० रोजी हार्टफर्डला तो काळी हॅट, काळा कोट आणि करडे हातमोजे घालून प्रथम अंडरटेकर म्हणून आला. अंडरटेकर म्हणजे मयताची व्यवस्था पाहणारा. या देशात तो रीतसर धंदा आहे. पुढे त्याला पॉल बेअरर नावाचा, हातात अस्थिकलश घेतलेला, पांढऱ्याफटक चेहऱ्याचा मॅनेजर मिळाला. गंमत अशी की हे काम करणारा गृहस्थ खऱ्या आयुष्यातही अंत्यविधीचा परवानाधारक व्यावसायिक होता.

माझ्या पिढीला अंडरटेकर भेटला तो केबल टीव्हीमुळे आणि त्याहून अधिक ट्रम्प कार्डांमुळे. उंची, वजन, छाती, दंड असे आकडे छापलेल्या त्या पत्त्यांवर आम्ही मधल्या सुट्ट्या घालवल्या. शाळेत अशी वदंता होती की त्याला सात जन्म आहेत. या वदंतेचं मूळ शोधता येतं. जानेवारी १९९४ मध्ये योकोझुनाविरुद्धच्या सामन्यात दहा जणांनी मिळून त्याला शवपेटीत कोंबलं आणि मग त्याचा 'आत्मा' छताकडे गेला. खरं कारण पाठीचं दुखणं. त्याला रजा हवी होती. ऑगस्टमध्ये तो परतला तो थेट एका तोतया अंडरटेकरशी लढायला. तो तोतया म्हणजे ब्रायन ली. हाच ब्रायन ली १९९६ साली 'खिलाडियों का खिलाडी' या हिंदी चित्रपटात अक्षयकुमारशी लढला, अंडरटेकर म्हणूनच! त्यावरून आमच्या वर्गात दोन तट पडले होते.

मोठेपणीचे तट वेगळे. एका गटाचं म्हणणं असं: हा माणूस मल्ल म्हणून सामान्यच होता. सुरुवातीची पाच-सहा वर्षं तो नुसता चालायचा, गळा धरायचा आणि मार बसला की ताडकन उठून बसायचा. डाव मोजके, वेग बैलगाडीचा. ब्रेट हार्टसारख्या माणसाच्या पकडी पाहाव्यात, मग कळेल कुस्ती कशाला म्हणतात. अंडरटेकर म्हणजे दिवे, धूर आणि घंटेचा टोल, बाकी शून्य. १९९३ साली लास व्हेगासला जायंट गोन्झालेझ या जवळपास आठ फुटी गृहस्थाबरोबरचा त्याचा सामना पुरावा म्हणून हमखास सादर होतो. तो पाहवत नाही, हे मीही मान्य करतो.

दुसरा गट म्हणतो, अहो, मेलेल्या माणसाचं सोंग घेतल्यावर तो पकडी काय करणार? वेदना दाखवणं हा या कलेचा पाया. समोरच्याचा ठोसा जोरदार वाटतो तो खाणाऱ्याच्या चेहऱ्यामुळे. अंडरटेकरला तेच नेमकं वर्ज्य होतं. आपल्या नटांना विचारा, रंगमंचावर काही न करता उभं राहणं किती अवघड असतं ते. शिवाय त्याच्या वाट्याला कमाला, गोन्झालेझ, किंग काँग बंडी असे अवजड भिडू आले. ज्याला नीट हलताही येत नाही त्याच्याबरोबर सामना रंगवायचा म्हणजे एकट्यानं गाडा ओढणं. लायक भिडू मिळाला तेव्हा काय झालं, ते ऑक्टोबर १९९७ मध्ये सेंट लुइसला दिसलं. शॉन मायकल्सबरोबर पिंजऱ्यात झालेल्या त्या सामन्याला डेव्ह मेल्त्झर या नामांकित समीक्षकानं पाच तारे दिले.

मी दुसऱ्या गटात मोडतो, पण माझं कारण थोडं वेगळं आहे आणि त्यासाठी जरा यंत्रशाळेत डोकवावं लागेल.

आखाड्याचा चौथरा म्हणजे पोलादी तुळया, त्यांवर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि ताणून बसवलेलं कॅनव्हास. कोल्हापूरच्या तालमीतली लाल माती याहून मऊ म्हणायची. पडताना हनुवटी छातीला टेकवायची, पाठ सपाट टाकायची, हात दोन्ही बाजूंना आपटायचे. आघात जितक्या मोठ्या क्षेत्रफळावर पसरेल तितका दाब कमी, हे शाळेतलंच शास्त्र. आठवड्यातल्या अनेक रात्री, अनेक वर्षं हे करायचं. पाठ आणि गुडघे जायचे ते जातातच. निकाल ठरलेला असला तरी गुरुत्वाकर्षण खरंच असतं.

आता त्याचा प्रसिद्ध टूमस्टोन हा डाव घ्या. प्रतिस्पर्ध्याला डोकं खाली, पाय वर असं पोटाशी धरायचं आणि गुडघ्यांवर बसायचं. पाहणाऱ्याला वाटतं, कवटी फुटली. प्रत्यक्षात डोकं मांड्यांमध्ये, फळीपासून काही बोटं वर राहतं आणि सगळा भार डाव मारणाऱ्याच्या गुडघ्यांतून खाली उतरतो. माझ्या अभ्यासाच्या भाषेत सांगायचं तर भाराची वाट मानेतून न नेता गुडघ्यांतून नेलेली असते. ३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यू जर्सीत ओवेन हार्टनं स्टीव्ह ऑस्टिनवर अशाच जातीचा डाव गुडघ्यांऐवजी बैठकीवर येऊन मारला. बैठक गुडघ्यांपेक्षा खाली जाते, त्यामुळे डोकं आधी पोचलं. ऑस्टिनचे हातपाय काही वेळ हलेनात. पुढे मानेची शस्त्रक्रिया झाली आणि २००३ मध्ये त्यानं नियमित कुस्ती थांबवली. कंपनीनं हा प्रकार बहुतेकांना बंद केला. मुभा राहिली ती मुख्यतः अंडरटेकर आणि त्याचा 'भाऊ' केन यांना. सहकाऱ्यांनी त्याच्या कौशल्याला दिलेलं याहून मोठं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही. टाळ्या प्रेक्षक देतात, पण मान सहकाऱ्याला सोपवावी लागते.

मधला काळ झरझर सांगतो. २००० साली तो मोटारसायकलवरून, डोक्याला रुमाल बांधून आला. काहींना ते रूप आवडलं, मला नाही. २००४ मध्ये घंटा आणि हॅट परतली. २००६ मध्ये हिमाचलच्या दलीपसिंग राणानं, म्हणजे ग्रेट खलीनं, त्याला चक्क चीत केलं. नवख्या माणसाला एका रात्रीत मोठं करायचं असेल तर नामवंतानं त्याच्याकडून नीट हरावं लागतं, तेही या धंद्यातलं कसबच. आणि या सगळ्यामागे चालू होती रेसलमेनियातली विजयांची मालिका: १९९१ ते २०१३, एकवीस सामने, एकही हार नाही.

तिच्यातला कळस म्हणजे ५ एप्रिल २००९, ह्यूस्टन, पुन्हा शॉन मायकल्स. अंडरटेकर चव्वेचाळीस वर्षांचा, तीनशे पौंडांच्या घरातला, आणि तरीही वरच्या दोरावरून बाहेर झेपावला. कॅमेरामनच्या वेशातल्या एका मल्लानं त्याला झेलायचं होतं. ते जमलं नाही आणि हा महाकाय माणूस जवळजवळ डोक्यावरच उतरला. तरीही सामना पुरा केला. 'प्रो रेसलिंग इलस्ट्रेटेड' मासिकाचा वर्षातल्या सर्वोत्तम सामन्याचा मान त्याला मिळाला. पुढल्या वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या सामन्यालाही मिळाला. कसरतींवर जगणारे मल्ल पस्तिशीत विझतात. थांबण्यावर, बघण्यावर, वेळ साधण्यावर ज्याची भिस्त आहे तो उशिरा पिकतो. पहिल्या गटाला जो मंदपणा खुपत होता, त्यानंच त्याला इतकी वर्षं टिकवलं, असं माझं मत आहे.

मात्र एक गोष्ट वयाला दाद देत नाही: दुसऱ्याचं वजन सांभाळण्याची ताकद. 'त्यानं कधी थांबायला हवं होतं?' या चाहत्यांच्या लाडक्या वादात मला हाच निकष योग्य वाटतो. ६ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लीन्सला ब्रॉक लेस्नरनं मालिका तोडली. स्टेडियममधले पाऊण लाख लोक अक्षरशः गप्प झाले. निकाल त्याच दिवशी बदलला गेला, असं अंडरटेकरनं नंतर मुलाखतींत सांगितलं. त्या सामन्यात त्याच्या डोक्याला असा मार बसला की तो दिवसच त्याला आठवत नाही. पुष्कळांच्या मते तिथेच पडदा पडायला हवा होता. २०१७ मध्ये ऑर्लँडोला रोमन रेन्सकडून हरल्यावर त्यानं हातमोजे, कोट आणि हॅट आखाड्यात ठेवली. आपण सगळ्यांनी डोळे पुसले. आणि पुढल्या वर्षी तो पुन्हा हजर! २०२० मध्ये 'अंडरटेकर: द लास्ट राइड' ही माहितीपट मालिका आली, तिच्यात तो कारण सांगतो. रेन्सबरोबरचा सामना त्याला स्वतःलाच पाहवला नाही, म्हणून शेवट चांगला व्हावा यासाठी तो पुन्हापुन्हा परत येत राहिला.

जून २०१९ मध्ये सौदी अरेबियात, जेद्दाला, चौपन्न वर्षांचा अंडरटेकर आणि बावन्न वर्षांचा गोल्डबर्ग समोरासमोर आले. गोल्डबर्गचं डोकं आधीच खांबावर आपटून रक्त आलेलं. मग टूमस्टोन बसला तेव्हा त्याचं डोकं खाली टेकल्यासारखं दिसलं. मग गोल्डबर्गनं याला उचललं ते पेललं नाही आणि हा मानेवर येता येता वाचला. तो सामना कंटाळवाणा होता, असं चाहते म्हणतात. कंटाळवाणा असता तर माझी हरकत नव्हती. ज्या डावात दोन दशकं कुणाची मान धोक्यात आली नाही, तो डाव त्या रात्री धोक्याचा वाटला. माझ्या लेखी तारीख तिथे ठरली.

'आणखी एकदा' असा घोष करणारे आणि नंतर 'म्हातारा झाला' म्हणून हसणारे प्रेक्षक एकच असतात, हेही नोंदवायला हवं. तिकिटं आपणच काढतो.

शेवटचा सामना एप्रिल २०२० मध्ये एजे स्टाइल्सबरोबर झाला. कोविडमुळे स्टेडियम बंद होतं, म्हणून तो दफनभूमीच्या देखाव्यात रात्री सिनेमासारखा चित्रित केला. तुकड्यातुकड्यांनी चित्रण, मध्ये विश्रांती, कुणालाही उंचावरून फळीवर झेलायचं नाही. पन्नाशीतल्या शरीराला झेपेल असा सामना बेतायला साथीची वाट पाहावी लागली. २२ नोव्हेंबर २०२० रोजी, पदार्पणाला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी, त्यानं रीतसर निरोप घेतला.

मुलांना दाखवायचं असेल तर ह्यूस्टनचा तो २००९ चा सामना दाखवावा, अर्ध्या तासाचा आहे. आणि टूमस्टोनच्या वेळी डोक्याकडे न बघता गुडघ्यांकडे बघायला सांगावं.