खुशालीचे पत्र

खुशालीचे पत्र हा मराठी पत्रव्यवहारातील एक घरगुती प्रकार आहे. स्वतःचे क्षेम कळवणे आणि दूरच्या आप्ताचे क्षेम विचारणे हा त्याचा हेतू असतो. त्यासाठी कामाचे किंवा तातडीचे कारण लागत नाही. कोणी तरी आठवण काढून स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या, हाच पत्र मिळण्यातील मुख्य आनंद असतो.

पूर्वपीठिका

मराठेशाहीतील पत्रांच्या आरंभी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहावे, अशा आशयाचे ठरावीक वाक्य असे. त्यामुळे राजकारणाच्या पत्रातही उत्तराची विनंती आधी आणि मजकूर नंतर येई. पुण्याच्या शनिवार पेठेतील शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू झाले. पेशव्यांच्या या निवासस्थानी जासूद अशी पत्रे आणत व नेत. मजकूर बहुधा कारकून मोडी लिपीत लिहीत; पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या पत्राला ‘स्वदस्तुरचे पत्र’ म्हणत. नाशिकजवळ गंगापूर येथे राहणाऱ्या गोपिकाबाईंनी आपला नातू सवाई माधवराव याला दैनंदिन आचरणाविषयी पाठवलेले उपदेशपत्र प्रसिद्ध आहे.

टपालसेवेचा काळ

भारतात १ जुलै १८७९ रोजी पाव आणा किमतीचे पोस्टकार्ड सुरू झाले आणि खुशाली कळवणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले. १८८० पासून मनीऑर्डरची सोय झाली. मुंबईच्या गिरण्यांतील कामगार गावी पैसे पाठवताना तिच्या कुपनावरील लहानशा जागेत दोन शब्द लिहीत किंवा लिहवून घेत. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना पोस्टमन पत्र वाचून दाखवी. पोस्टकार्ड उघडे असल्याने ते साऱ्या घराचे होई. खासगी मजकुरासाठी पाकीट किंवा आंतर्देशीय पत्र वापरले जाई.

पेठांतील पत्त्यात घरक्रमांक, पेठेचे नाव आणि वाडामालकाचे नाव किंवा ‘ओंकारेश्वराजवळ’ यासारखी खूण असे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड पद्धती लागू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे विद्वान व कवी होते. शनिवार पेठेचा पिनकोड ४११०३० आहे.

लेखनसंकेत

पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहीत. वडिलांना ‘तीर्थरूप’ व ‘शिरसाष्टांग नमस्कार’, तर धाकट्यांना ‘चिरंजीव’ व ‘अनेक आशीर्वाद’ असा मायना असे. ‘वि. वि.’ (विनंती विशेष) नंतर मजकूर सुरू होई आणि ‘लोभ असावा’ या शब्दांनी तो संपे. राहिलेली गोष्ट ‘ता. क.’ (ताजा कलम) म्हणून कडेच्या रिकाम्या जागेत आडवी-उभी लिहीत. मंगलवार्तेच्या पत्राला हळद-कुंकू लावत. निधनवार्तेच्या पत्राचा कोपरा फाडत. त्यामुळे मजकूर वाचण्यापूर्वीच वार्तेचे स्वरूप कळे.

महत्त्व आणि सद्यस्थिती

साने गुरुजींची पुतणी सुधा हिला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ आणि जी. ए. कुलकर्णी यांच्या निवडक पत्रांचे खंड यांमुळे खासगी पत्राला मराठी साहित्यात स्थान मिळाले. दूरध्वनी व भ्रमणध्वनीच्या प्रसारानंतर खुशालीच्या पत्रांचे प्रमाण घटले. भारतीय टपाल खाते ‘ढाई आखर’ ही हस्तलिखित पत्रांची स्पर्धा भरवते.

पेशवे दप्तरातील कागद पुणे पुराभिलेखागारात जतन केलेले आहेत. घरगुती पत्रांना असा आश्रय क्वचितच मिळतो. आलेली पत्रे तारेला ओवून ठेवण्याची पद्धत होती. जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहताना अशी पत्रे अनेकदा रद्दीत जातात. त्यांतील मजकूर साधा असला, तरी अनेक कुटुंबांत आजी-आजोबांचे अक्षर एवढ्याच कागदांवर उरलेले असते.